तिरंदाजीतला 'कोटा' म्हणजे नेमकं काय? अंताल्यात हरलेले संघ पॅरिसला कसे गेले?

जून २०२४ च्या मध्यात तुर्कस्तानातल्या अंताल्याहून बातमी आली. ऑलिम्पिकच्या शेवटच्या पात्रता स्पर्धेत भारताचे तिरंदाजीचे दोन्ही संघ, पुरुषांचा आणि महिलांचा, बाद झाले होते. महिला युक्रेनकडून ३-५ अशा हरल्या, पुरुष नेदरलँड्सकडून ४-५. आम्हीही इतरांसारखाच 'संधी हुकली' असा मथळा लावून मोकळे झालो. त्यानंतर दहाएक दिवसांतच, २४ जूनला, दुसरी बातमी आली की दोन्ही संघ पॅरिसला पात्र ठरले. त्या दिवशी एका वाचक काकांनी फोन करून विचारलं, "अहो, हरल्यावर गेले कसे? वशिला लागला की काय?"

वशिला नव्हता, हिशेब होता. पण तो हिशेब तेव्हा आम्हालाही नीट सांगता आला नव्हता, हे कबूल करतो. आता लॉस एंजेलिस २०२८ साठी हेच चक्र पुन्हा फिरणार आहे. 'कोटा मिळवला', 'कोटा हुकला', 'रँकिंगवर आशा' असे मथळे पुन्हा दिसतील. त्यामुळे हा हिशेब एकदा बसून मांडलेला बरा.

जागा देशाची, माणसाची नव्हे

पहिली गोष्ट, आणि गैरसमज सगळ्यात जास्त इथंच होतो. तिरंदाजीत पात्रता स्पर्धेत जिंकलेली जागा, म्हणजे कोटा, ही तिरंदाजाच्या नावावर नसते. ती देशाच्या ऑलिम्पिक समितीच्या नावावर जमा होते. त्या जागेवर कोणाला पाठवायचं, ते देश ठरवतो. ज्या मुलीनं घाम गाळून जागा आणली, तिलाच ती मिळेल याची लेखी हमी नसते. निवड चाचणीत ती मागं पडली, तर दुसरी जाऊ शकते. आपल्याकडे जागा आणणाऱ्याचीच निवड झाल्याची उदाहरणं आहेत म्हणून हे खटकत नाही, पण नियम तसा आहे.

दुसरी गोष्ट संघाची. संघ पात्र झाला की त्या गटात देशाला तीन जागा मिळतात, आणि तिघंही वैयक्तिक स्पर्धेत उतरतात. संघ पात्र झाला नाही, तर वैयक्तिक कोट्यातून फार तर एकच जागा हाती लागते. एका गटात तीनपेक्षा जास्त जागा कोणालाच मिळत नाहीत. म्हणून आधी वैयक्तिक कोटा मिळाला आणि मग संघही पात्र झाला, तर चार होत नाहीत, तीनच राहतात. आधीची जागा तीनात विरघळते.

पॅरिसला पुरुषांचे ६४ आणि महिलांच्या ६४, असे मिळून १२८ तिरंदाज होते. संघ दोन्ही गटांत प्रत्येकी १२. यजमान फ्रान्सची जागा राखीव. बाकीच्या जागा २०२३ ची बर्लिनची जागतिक स्पर्धा, खंडांच्या पात्रता स्पर्धा आणि अंताल्याची शेवटची स्पर्धा अशा वाटेनं भरत गेल्या. अंताल्यात प्रत्येक गटात मोजक्याच संघांना जागा होती. आणि सगळं संपल्यावर, तोवर पात्र न झालेल्या देशांपैकी जागतिक क्रमवारीत सगळ्यात वर असलेल्या दोन देशांना शेवटच्या दोन जागा. काकांना जो वशिला वाटला, तो हा.

खातं देशाचं, ठेवी अनेकांच्या

मी पदवीनं कॉमर्सवाला, त्यामुळे मला ही क्रमवारी बँकेच्या खात्यासारखी दिसते. खातं 'भारत पुरुष संघ' या नावाचं. वर्षभरात विश्वचषकाचे टप्पे होतात, मोठ्या स्पर्धा होतात. संघ जिथवर पोहोचला त्या प्रमाणात गुण जमा होतात. फरक इतकाच की इथल्या ठेवीला व्याज चढत नाही, उलट जुनी झाली की ती गळून पडते. त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या पराक्रमावर कोणी पात्र होत नाही. खात्यात ताजी रक्कम लागते.

आणि ठेव भरणारे हात बदलत राहतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये अंताल्याच्याच विश्वचषकात पुरुष संघानं रौप्य मिळवलं, तेव्हा संघात अतनू दास, धीरज बोम्मदेवरा आणि तरुणदीप राय होते. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आलं, तेव्हा अतनू, धीरज आणि महाराष्ट्राचा तुषार शेळके. पुढच्या वर्षी निवड चाचण्यांतून संघ ठरला तो धीरज, तरुणदीप आणि प्रवीण जाधव यांचा. रिओ आणि टोकियो अशी दोन ऑलिम्पिक खेळलेला अतनू बाहेर राहिला, तुषारही.

या नव्या संघानं २८ एप्रिल २०२४ ला शांघायच्या विश्वचषकात जे केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. पहिला सेट ५७-५७ बरोबरीत, दुसरा ५७-५५, तिसरा ५५-५३. म्हणजे ५-१. एकही सेट न गमावता भारत जिंकला. पुरुष रिकर्व्ह संघाला विश्वचषकाचं सुवर्ण मिळून १४ वर्षं झाली होती. २०१० च्या त्या सुवर्णाच्या संघातही तरुणदीप होता! मधल्या काळात पोरं मोठी झाली, प्रशिक्षक बदलले, संघटनेत भांडणं झाली, हा माणूस मात्र रेषेवर उभाच.

एप्रिलमध्ये कोरियाला हरवणारा संघ जूनमध्ये नेदरलँड्सकडून हरतो कसा, हे समजायला सामन्याची रचना बघायला हवी. ऑलिम्पिकचा तिरंदाज ७० मीटरवरून बाण सोडतो. लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर, आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढं. संघाच्या सामन्यात एका सेटमध्ये तिघांचे प्रत्येकी दोन, असे सहा बाण. सेट जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली की एकेक. पाच गुण आधी करेल तो जिंकला. चार सेटनंतर ४-४ झालं की प्रत्येकी एक बाण, एकूण तीन, आणि त्यावर निकाल. अंताल्यातला ४-५ हा निकाल म्हणजे असाच शूट-ऑफ. वर्षभराची मेहनत तीन बाणांवर येऊन थांबते. वाऱ्याची एक झुळूक, हाताचा एक थरका, आणि दहाचा आठ होतो.

क्रमवारीची वाट ठेवली आहे ती बहुधा यासाठीच. एका दिवसाच्या अपघातात चांगला संघ पूर्ण बाहेर पडू नये, म्हणून खात्यातली शिल्लक बघायची. २४ जूनच्या क्रमवारीनुसार पुरुषांत भारत आणि चीन, महिलांत भारत आणि इंडोनेशिया, असे देश आत आले.

यात मला अतनूचं आणि तुषारचं वाईट वाटतं. खात्यात भर त्यांचीही होती. पैसे काढताना मात्र त्यांची सही लागली नाही. हा अन्याय आहे असं नाही म्हणणार, सांघिक खेळ असाच असतो. पण बातमीत त्यांचा एका ओळीत उल्लेख यायला हवा होता, तो आम्ही केला नाही.

क्रमवारीनं नेमकं काय दिलं

अंताल्याची स्पर्धा संपली तेव्हा भारताच्या हातात फक्त दोन जागा होत्या. एक धीरजची: नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई पात्रता स्पर्धेत रौप्य मिळवून त्यानं देशाला पॅरिसचा पहिला कोटा आणला होता. दुसरी भजन कौरची: संघ हरल्यावर दोनच दिवसांत अंताल्यात वैयक्तिक सुवर्ण जिंकून तिनं आणलेली. बस्स. दोघांवर सगळी मदार राहिली असती.

क्रमवारीनं दोनाचे सहा केले. पुरुषांत धीरजबरोबर तरुणदीप आणि प्रवीण, महिलांत भजनबरोबर दीपिका कुमारी आणि अंकिता भकत. आता पुढचं बघा. २५ जुलैला पॅरिसच्या लेझ इनव्हालिदच्या मैदानावर मानांकन फेरी झाली. या फेरीत प्रत्येकानं ७२ बाण सोडायचे, जास्तीत जास्त गुण ७२०. भारताच्या महिलांत सर्वांत वर आली अंकिता, ६६६ गुणांसह अकरावी. कोटा आणलेली भजन ६५९ वर, बाविसावी. दीपिका तिच्यामागं एका गुणानं, ६५८.

मिश्र सांघिक स्पर्धेत देशाची एकच जोडी असते, पुरुषांतला एक आणि महिलांतली एक, आणि ती बहुतेकदा मानांकन फेरीतल्या गुणांवर ठरते. म्हणून जोडी झाली धीरज आणि अंकिताची. या दोघांनी इंडोनेशियाला हरवलं, स्पेनला हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. तिथं कोरियाकडून २-६, मग कांस्यपदकाच्या सामन्यात अमेरिकेच्या केसी कॉफहोल्ड आणि ब्रॅडी एलिसनकडून २-६. चौथा क्रमांक. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकपासून भारताचे तिरंदाज जात आहेत, पदक अजून नाही, आणि त्या सगळ्या वर्षांतली ही सर्वोत्तम कामगिरी.

म्हणजे भारत पदकाच्या सर्वांत जवळ गेला तो एका अशा तिरंदाज मुलीमुळे, जिच्या नावावर वैयक्तिक कोटा नव्हताच. रँकिंगची ती बातमी आपण 'चला, गेले एकदाचे' अशा सुरात वाचली; तिची किंमत एवढी होती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पुरुष संघ मानांकनात तिसरा, महिला संघ चौथा. दोघांनाही थेट उपांत्यपूर्व फेरी. तिथं पुरुष तुर्कस्तानकडून २-६ आणि महिला नेदरलँड्सकडून ०-६ हरल्या. धीरज वैयक्तिक स्पर्धेत कॅनडाच्या एरिक पीटर्सविरुद्ध शूट-ऑफमध्ये गेला. दोघांचेही दहा पडले, पण पीटर्सचा बाण मध्याच्या जास्त जवळ होता. दीपिका उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या नाम सू-ह्योनकडून ४-६ हरली. आई झाल्यावर, डिसेंबर २०२२ मधल्या बाळंतपणानंतर, परत येऊन तिथवर पोहोचणं हे काही थोडं नव्हे. आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर संघाचे कोरियन प्रशिक्षक बेक वूंग-की यांना मान्यतापत्र न मिळाल्यानं पॅरिसहून माघारी यावं लागलं, तो घोळ वेगळाच.

झेंड्याशिवाय मिळवलेली जागा

संघटनेच्या घोळाचा विषय निघाला म्हणून टोकियोच्या वेळचं सांगतो. तो प्रसंग माहीत असल्याशिवाय 'जागा देशाची असते' या वाक्याचं वजन कळत नाही.

जून २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या सेर्टोखेनबॉसच्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप, अतनू आणि प्रवीण या तिघांनी रौप्य मिळवलं आणि पुरुष संघ टोकियोला पात्र झाला. इकडे भारतात त्याच सुमारास तिरंदाजी महासंघाच्या दोन गटांनी समांतर निवडणुका घेतल्या. दोन अध्यक्ष, दोन कार्यकारिणी. ऑगस्टमध्ये जागतिक महासंघानं भारतीय संघटनेला निलंबित केलं. नोव्हेंबरमध्ये बँकॉकला आशियाई पात्रता स्पर्धा आली तेव्हा आपल्या खेळाडूंना तिरंग्याखाली उतरता आलं नाही; जागतिक महासंघाच्या झेंड्याखाली उतरावं लागलं. दीपिकानं तिथं सुवर्ण जिंकलं, अंकितानं रौप्य. अंतिम सामना दोन भारतीय मुलींचा, आणि भारताचं नाव फलकावर नाही! पण कोटा देशाच्या ऑलिम्पिक समितीला मिळतो, त्यामुळे ती जागा भारताला मिळाली. जानेवारी २०२० मध्ये निवडणूक होऊन निलंबन अटींसह उठलं.

महिला संघाची जागा मात्र शेवटपर्यंत आली नाही. जून २०२१ मध्ये पॅरिसला झालेल्या शेवटच्या पात्रता स्पर्धेत दीपिका, अंकिता आणि कोमालिका बारी कोलंबियाकडून ०-६ हरल्या. टोकियोला महिलांत दीपिका एकटीच गेली. संघटना भांडत असताना खेळाडूंचा सराव किती बिघडला, याचा आकडा कोणी काढत नाही.

फलटणचा प्रवीण, पुण्याची सेना

आपल्या वाचकांना प्रवीण जाधव हे नाव सवयीचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. आई-वडील मजुरी करणारे. शाळेत तो धावायचा, तिरंदाजी पुढे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत भेटली. अमरावतीच्या प्रबोधिनीत घडला आणि मग सैन्यात गेला. टोकियोच्या मानांकन फेरीत ६५६ गुणांसह तो भारतीय पुरुषांत पहिला आला, आणि अतनूऐवजी दीपिकाबरोबर मिश्र स्पर्धेत त्याला उतरवलं गेलं. पॅरिसला तो पहिल्याच वैयक्तिक सामन्यात चीनच्या खेळाडूकडून ०-६ हरला. हेही सांगायलाच हवं.

सीमाभागातल्या माणसाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट. साताऱ्याचा हा मुलगा, विजयवाड्याकडचा धीरज आणि सिक्कीमचा तरुणदीप, तिघंही सैन्यातले, आणि सैन्याची क्रीडा संस्था पुण्यात. सैन्यातले खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या राज्याकडून नाही, सेनादलाकडून खेळतात. गाव एका राज्यात आणि कागदावर नाव भलतीकडेच, हे आपल्याला काही नवं नाही.

पदकतालिकेत राज्यांची नावं बघून 'महाराष्ट्राची तिरंदाजी खालावली' असं कोणी लिहिलं, तर आधी सेनादलाच्या यादीत मराठी नावं किती आहेत ते बघावं. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी आपल्या राज्याची जबलपूरची अकादमी लक्षात ठेवावी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड सांघिक रौप्य मिळवणाऱ्या तिघींतली मुस्कान किरार जबलपूरचीच.

यावेळी नवीन काय

आतापर्यंतचं सगळं रिकर्व्ह धनुष्याचं होतं, म्हणजे टोकं पुढं वळलेल्या, बोटांनी ताणायच्या धनुष्याचं. १९७२ पासून ऑलिम्पिकमध्ये फक्त तेच होतं. दुसरा प्रकार कंपाउंड. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, नेम धरायला भिंग असतं आणि दोरी सोडायला हातात छोटं यंत्र. अंतर ५० मीटर, सेट नाहीत, १५ बाणांची थेट बेरीज, १५० पैकी.

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं लॉस एंजेलिससाठी कंपाउंड मिश्र सांघिक स्पर्धेला मान्यता दिली. आपल्यासाठी ही मोठी बातमी का, तर भारताची खरी ताकद याच धनुष्यात आहे, आणि त्यातला मोठा वाटा मराठी मुलामुलींचा. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारून पुरुषांचं सुवर्ण घेतलं. समोरचा पोलंडचा खेळाडू १४९ वर हरला. मग हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसला तीन सुवर्णं आणि विजयवाड्याच्या ज्योती सुरेखा वेन्नमलाही तीन. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं २०२३ मध्येच शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं होतं. २०२५ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत ऋषभ यादव, अमन सैनी आणि आपला प्रथमेश फुगे यांनी फ्रान्सला २३५-२३३ असं हरवून सांघिक सुवर्ण आणलं. मिश्र सांघिकमध्ये ज्योती आणि ऋषभला रौप्य.

आता इथं हिशेब उलटा बसतो. लॉस एंजेलिसला कंपाउंडची वैयक्तिक स्पर्धा नाही, तिघांचा संघ नाही. फक्त मिश्र जोडी. म्हणजे वर घेतलेल्या पुरुषांच्या नावांतून एक, मुलींतून एक. ज्योती, अदिती, परनीत कौर या तिघींनी मिळून २०२३ ला भारताचं पहिलं जागतिक सुवर्ण जिंकलं. ऑलिम्पिकला त्यांच्यातली फार तर एक जाईल. रिकर्व्हवाल्यांना कोटा मिळवण्याची चिंता असते. कंपाउंडवाल्यांना त्याच्या जोडीला घरातल्या चाचणीची चिंता जास्त राहणार. साताऱ्यात किंवा नागपुरात सराव करणाऱ्या पोरांसाठी जगातल्या पहिल्या दहांत असणंही पुरेसं ठरेल असं नाही, भारतात पहिलं असावं लागेल. त्यात उत्तम दर्जाचं धनुष्य, बाण, नेमयंत्र असा संच घ्यायचा तर खर्च लाखांच्या घरात जातो, तो घरच्यांनाच सोसावा लागतो, निदान सुरुवातीची काही वर्षं.

म्हणून येत्या हंगामात 'भारताला कंपाउंडचा कोटा' अशी बातमी आली, तर खाली ज्या जोडीचं छायाचित्र असेल तीच जोडी अमेरिकेला जाणार असं गृहीत धरू नका. त्यानंतरच्या निवड चाचणीची बातमीही शोधून वाचा. आमच्याकडून ती सुटली, तर त्या काकांसारखा फोन जरूर करा.